शिराळ्याचा डोंगर आणि किनाऱ्याकडची टेकडी: वृक्षविविधतेचे आकडे शेजारी ठेवता येतील का?

शिराळा_वनस्पती :

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी शिराळा तालुक्याच्या पश्चिम टोकाला, चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर, एका मालकीच्या डोंगरावरच्या झाडांची नोंद केली आहे. उंची ८५० ते ९५० मीटर, उतार बऱ्यापैकी तीव्र. १० × १० मीटरच्या २० चौकटी टाकल्या आणि घेर ३० सेंमी किंवा जास्त असलेलीच झाडं घेतली. १४२ झाडं, २७ जाती, त्यात एकटी अंजनी ५८. शॅनन निर्देशांक (जाती किती आणि त्यांची झाडं किती समप्रमाणात आहेत, यावरून काढलेला विविधतेचा आकडा) २.३१ आला.

तुलनेसाठी रत्नागिरी जिल्ह्यातल्या, समुद्राजवळच्या एका जांभ्या दगडाच्या टेकडीचा मूळ तक्ता हाताशी आहे. जात, चौकट क्रमांक, प्रत्येक झाडाचा घेर, सगळं आहे त्यात. तिथे २० × २० च्या १० चौकटी, घेर १० सेंमीपासून पुढे, ३४ जाती आणि शॅनन ४.४०.

प्रश्न तीन.
१) "किनाऱ्याकडची टेकडी आपल्या डोंगराच्या जवळपास दुप्पट विविध" असं प्रबंधात लिहिता येईल का?
२) अंजनीला बुडातूनच तीन-चार खोडं असतात. प्रत्येकीचे घेर मिळवून एक घेर धरला आहे. महत्त्वमूल्य निर्देशांकात (सापेक्ष घनता, वारंवारता आणि बुंध्याचं क्षेत्रफळ यांची बेरीज) अंजनी फारच वर जाते. हे बरोबर आहे का?
३) काही नमुने पावसात काळे पडलेत, ओळख लागत नाही. पुढच्या खेपेला काय करावं?

कड्यावरचा_पिसा :

पहिल्याचं उत्तर नाही, निदान आत्ता नाही. आधी तो ४.४० बघा.

शॅननला वरची मर्यादा असते. सगळ्या जातींची झाडं अगदी सारख्या संख्येने असली, तर निर्देशांक जातींच्या संख्येच्या लॉगइतका येतो. त्याच्या वर तो जाऊच शकत नाही. ३४ चा नैसर्गिक लॉग ३.५३. मग ४.४० कुठून आला? त्यांनी पाया २ चा लॉग घेतला आहे, तिथे मर्यादा ५.०९ आहे. ४.४० ला ०.६९३ ने गुणा, ३.०५ मिळतील. प्रबंधांत आणि लेखांत पाया लिहायचा राहतो आणि पुढचे सगळे तो आकडा तसाच उचलत राहतात. म्हणून कुठलाही शॅनन दिसला की आधी जातींच्या संख्येचा लॉग काढून बघायची सवय लावून घ्या.

तुमचा २.३१ पण तपासा. पाया १० चा तो असू शकत नाही, कारण २७ जातींना तिथे १.४३ च्या वर जाता येत नाही. पण पाया २ चा असू शकतो. अंजनीची ओळ काढा: ५८ भागिले १४२ म्हणजे ०.४०८. त्याला त्याच्याच लॉगने गुणून (उणे चिन्ह सोडून) येणारा त्या ओळीचा वाटा ०.३७ असेल तर नैसर्गिक लॉग आहे, ०.५३ असेल तर पाया २. एक्सेलवाल्यांसाठी एक सूचना: तिथे नुसतं लॉग लिहिलं की पाया १० धरला जातो, नैसर्गिक लॉगसाठी एलएन लिहावं लागतं.

आता "दुप्पट". शॅनन दुप्पट झाला म्हणजे विविधता दुप्पट झाली असं होत नाही, तो आकडा लॉगमध्ये असतो. नैसर्गिक लॉगचा पाया ई (२.७१८) आहे, त्याचा तेवढा घात काढा. २.३१ म्हणजे समप्रमाणातल्या सुमारे १० जातींच्या जंगलाइतकी विविधता, ३.०५ म्हणजे सुमारे २१ जातींइतकी. गंमत अशी की इथेही दुप्पटच निघते! पण ती वेगळ्या कारणाने, आणि तिचाही भरवसा नाही. त्यांनी दुप्पट क्षेत्र मोजलंय, ४,००० चौरस मीटर विरुद्ध तुमचे २,०००. शिवाय १० सेंमी घेराची करवंदं, गेळे आणि कोवळी रोपं त्यांच्या यादीत आहेत, तुमच्या यादीत नाहीत.

मूळ तक्ता हातात आहे, हे तुमचं नशीब. त्यातून ३० सेंमीखालच्या ओळी काढून टाका. मग उरलेल्या झाडांतून १४२ झाडांइतका यादृच्छिक नमुना काढला तर सरासरी किती जाती येतात, ते बघा. तिथे १४२ पेक्षा कमी झाडं उरली तर उलट करा, तुमची यादी त्यांच्या संख्येवर आणा. 'आर' या सांख्यिकी संगणकप्रणालीतल्या 'व्हेगन' संचात किंवा फुकट मिळणाऱ्या 'पास्ट' प्रणालीत हे होतं, 'आर'मधल्या 'आयनेक्स्ट' संचाने आलेखही चांगला निघतो. 'व्हेगन' आणि 'पास्ट' दोन्ही नैसर्गिक लॉग वापरतात, तेव्हा दोन्ही तक्ते एकाच जागी चालवले की पायाचा घोळ आपोआप मिटतो.

आणखी एक आकडा द्या: एकाच झाडाने आलेल्या जाती किती आणि दोनच झाडांच्या किती. समजा एकेकट्या ९ आणि जोडीच्या ४ असतील, तर (९ × ९) भागिले (२ × ४) म्हणजे साधारण १०. २७ मध्ये १० मिळवले की ३७. हा चाओच्या सूत्राने येणारा किमान अंदाज आहे, म्हणजे निदान इतक्या जाती तिथे असाव्यात. एकेकट्या जातींची संख्या मोठी असेल तर २० चौकटी कमी पडल्या असं समजायचं. चौकटींप्रमाणे वाढत जाणाऱ्या जातींची रेषा विसाव्या चौकटीलाही चढतीच असेल तर तेच.

दोरीटेप :

पिसा यांनी हिशेबाची बाजू सांगितली. मी मोजणीची सांगतो, कारण दुसऱ्या प्रश्नातली चूक मोठी आहे.

घेर मिळवून मग वर्ग करायचा नसतो. बुंध्याचं क्षेत्रफळ म्हणजे घेराचा वर्ग भागिले १२.५७. खोडं वेगवेगळी असतील तर प्रत्येकाचं क्षेत्रफळ वेगळं काढायचं आणि मग बेरीज. उदाहरणार्थ अंजनीची तीन खोडं ३०, ३२ आणि ३५ सेंमी. घेरांची बेरीज ९७, तिचा वर्ग ९,४०९, भागिले १२.५७, म्हणजे सुमारे ७४९ चौरस सेंमी. बरोबर पद्धतीने ९०० + १,०२४ + १,२२५ = ३,१४९, भागिले १२.५७, म्हणजे २५१. चक्क तिप्पट फुगवटा! तुमची अंजनी 'फारच वर' जाते त्यात या चुकीचा हात आहे. घेराचा एकच आकडा हवा असेल तर ३,१४९ चं वर्गमूळ घ्या, ५६ सेंमी. झाड मात्र एकच मोजायचं, तीन नाही. तसं केलं नाही तर घनताही फुगते.

दोन खोडं मातीखाली जोडलेली आहेत की शेजारची दोन झाडं आहेत, हे अंजनीत नेहमी कळत नाही. बुडाची माती-पाचोळा हाताने सारून बघा, तरी शंका राहिली तर नोंदवहीत 'शंकास्पद' लिहा. सगळ्या चौकटींत नियम एकच ठेवा. खोड छातीइतक्या उंचीच्या आतच फुटलं असेल तर प्रत्येक फांदी वेगळी मोजायची, त्याच्या वर फुटलं असेल तर एकच.

मोजायची उंची आपल्याकडे वनखात्याच्या पद्धतीत १.३७ मीटर, बाहेरच्या लेखांत १.३०. फरक थोडा आहे, पण प्रबंधात लिहाच. ३० सेंमी घेर म्हणजे ९.५ सेंमी व्यास, म्हणून व्यास १० सेंमीवरची झाडं घेतलेला अभ्यास तुमच्यापेक्षा जरा वरून सुरू होतो. उतारावर उंची वरच्या बाजूने मोजायची. खोड वाकलेलं असेल तर जमिनीपासून सरळ वर न मोजता खोडाच्या कडेने मोजायचं. मोजण्याच्या जागी गाठ किंवा फुगवटा असेल तर थोडं वर सरका आणि तसं लिहा. उंबरासारख्या आधारमुळं पसरलेल्या झाडाला मुळांच्या वर ३० सेंमीवर.

आता उतार. "बऱ्यापैकी तीव्र" लिहिलंय, पण टेप जमिनीवर पसरून १० मीटर मोजले का, ते लिहिलेलं नाही. तसं केलं असेल तर ३० अंश उतारावर तुमची चौकट १०० चौरस मीटर नाही, ८६.६ आहे. १० मीटर क्षैतिज अंतर हवं असेल तर २५ अंशांना ११.०३, ३० ला ११.५५ आणि ३५ ला १२.२१ मीटर टेप सोडावी लागते, उताराच्या दिशेच्या दोनच बाजूंना. प्रत्येक चौकटीचा उतार नोंदवलेला असेल तर अजूनही दुरुस्ती होते: चौकटीच्या क्षेत्राला त्या कोनाच्या कोसाइनने गुणा. सगळ्या चौकटी ३० अंशांवर धरल्या तर हेक्टरी ७१० झाडं न येता ८२० येतात. महत्त्वमूल्यात याने फारसा फरक पडत नाही, कारण ते सगळं सापेक्ष असतं. हेक्टरी घनता आणि हेक्टरी बुंध्याचं क्षेत्रफळ मात्र चुकतं, आणि दुसऱ्या अभ्यासांशी लोक तेच ताडून बघतात.

चौकटीचा काटकोन कर्णाने तपासा, १० मीटरच्या चौकटीला १४.१४ मीटर. नायलॉनची दोरी ओली झाली की ताणते, म्हणून फायबरची टेप घ्या. शिंप्याची टेप घेरासाठीसुद्धा नको, तीही ताणते. कडेवरचं झाड आत की बाहेर हा वाद टाळायचा असेल तर नियम साधा ठेवा: दोन बाजूंवरची झाडं आत, समोरच्या दोन बाजूंवरची बाहेर. सगळी कडेची झाडं आत घेतली की लहान चौकटीत घनता वाढते, कारण चौकट जितकी लहान तितकी तिच्या क्षेत्राच्या मानाने कड जास्त.

२० × २० आणि १० × १० ची वारंवारता (जात किती टक्के चौकटींत सापडली) शेजारी ठेवू नका. मोठ्या चौकटीत कुठलीही जात सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून वारंवारता वाढतेच. रत्नागिरीच्या तक्त्यात २० × २० च्या आतल्या १० × १० च्या उपचौकटी नोंदवलेल्या असतील तरच तुलना करता येईल. नसतील तर महत्त्वमूल्याऐवजी सापेक्ष घनता आणि सापेक्ष बुंध्याचं क्षेत्रफळ वेगवेगळं द्या, वारंवारता सोडून द्या.

पाटण_खोरं :

वरच्या दोघांचं मला पटतं. पण आकड्यांच्या दुरुस्तीत इतका जीव ओतलात की मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. दोन डोंगरांवर झाडं कोणती आहेत? शॅनन समजा दोन्हीकडे ३ आला, म्हणून जंगल सारखं थोडंच होतं.

तुमच्या डोंगरावर अंजनी ४० टक्के आहे, यात नवल काहीच नाही. कड्याच्या जवळ महाबळेश्वरपासून कोयना, चांदोलीपर्यंत जे ठेंगणं सदाहरित जंगल आहे त्याला अंजनी, जांभूळ आणि पिसा या झाडांच्या नावाने वर्षानुवर्षं ओळखतात. महाबळेश्वरकडच्या माथ्यावर पाऊस साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, पुढचे सात-आठ महिने कोरडे. माती पातळ, खाली बसाल्ट नाहीतर जांभा, वर वारा. कोरड्या महिन्यांची ही लांबी दक्षिणेकडे कमी होत जाते, केरळात ती तीन-चार महिन्यांवर येते, म्हणून तिकडच्या सदाहरित जंगलात जाती कितीतरी जास्त. आपल्या उत्तरेकडच्या सह्याद्रीत ज्यांना हे सात-आठ महिने झेपतात त्याच जाती टिकतात. अंजनी तोडली, जळली तरी बुडातून फुटते. म्हणून तुम्हाला तिला तीन-चार खोडं दिसतात, आणि ती खोडं म्हणजे कधीतरी तोड झाल्याची नोंदच समजा.

किनाऱ्याकडच्या टेकडीवर वेगळं चालतं. तिथे जंगल बहुतेक खासगी, आणि सरपण-कोळशासाठी काही वर्षांनी तोडायचं, मग खुंटांवरून पुन्हा वाढू द्यायचं, हा जुना शिरस्ता. त्यामुळे ऐन, किंजळ, नाणा, कुंभा, आसाणा, पांढरा कुडा, काजरा यांची मध्यम घेराची दाटी होते, कुठलीच जात फार पुढे जात नाही. पसरलेला काजू, बांधाकडून आलेला फणस आणि आंबा त्यात मिसळतात. सगळ्यांचा वाटा थोडाथोडा असला की शॅनन चढतो. म्हणजे वरचा आकडा काही अंशी कोयत्याने वाढवलेला आहे! याउलट एखादी जुनी देवराई किंवा न तोडलेलं कड्यावरचं जंगल कमी शॅननचं असू शकतं, कारण तिथे दोन-तीन जातींनी जागा घेतलेली असते. शॅननला रातांब्याचं आणि काजूचं मोल सारखंच, हे ध्यानात ठेवा.

म्हणून दोन गोष्टी करा. एक, दोन्ही याद्यांतल्या सामायिक जाती मोजा. समजा ९ निघाल्या, तर सॉरेन्सनचं साम्य (दोन याद्या किती जुळतात ते ० ते १ मध्ये सांगणारा आकडा) (२ × ९) भागिले (२७ + ३४), म्हणजे ०.३०. त्याहून झाडांची संख्या धरणारं ब्रे-कर्टिस चांगलं, ते 'व्हेगन'मध्ये एका ओळीत निघतं. पण आधी दोन्ही याद्यांची नावं एका शिस्तीत आणा. एका यादीत ऐन टर्मिनॅलिया टोमेंटोसा आणि दुसरीत टर्मिनॅलिया इलिप्टिका असेल तर संगणकाला त्या दोन जाती वाटतात. नाणा कुठे लॅगरस्ट्रोमिया लॅन्सिओलाटा, कुठे लॅगरस्ट्रोमिया मायक्रोकार्पा. नरक्या जुन्या याद्यांत नोथापोडायटिस फीटिडा, आता निम्मोनियाना. पिशाच्या बाबतीत जुन्या याद्यांत ॲक्टिनोडॅफ्नी हुकेरी हे नाव असतं. ही झाडलोट न करता काढलेलं साम्य नेहमी खऱ्यापेक्षा कमी येतं.

दोन, प्रत्येक जातीपुढे एक खूण करा: सदाहरित की पानझडी, आणि सावलीत वाढणारी की उजेड मागणारी. चांदाडा, शेंद्री, ट्रेमा यांचा वाटा किती? पायवाटेच्या, सोडलेल्या शेताच्या किंवा उठून गेलेल्या गावठाणाच्या जागी हीच मंडळी आधी येतात. कोयना आणि चांदोलीत पुनर्वसन झालेल्या गावांच्या जागा असं बघण्यासारख्या आहेत, एके काळच्या परसातला आंबा-फणस उभा आणि भोवती चांदाड्याची पोरं. तुमच्या २७ जातींत अशा उजेडाच्या जाती किती आणि त्यांच्या वाट्याला बुंध्याचं क्षेत्रफळ किती, एवढं सांगितलंत तरी तुमच्या डोंगराविषयी २.३१ पेक्षा जास्त कळेल.

आणि दोरीटेप, ३० सेंमीच्या मर्यादेबद्दल मला वाद घालायचा आहे. माथ्यावरच्या ठेंगण्या जंगलात बरीच पूर्ण वाढलेली, फळलेली झाडं ३० च्या खालीच राहतात. शिवाय कारवीचा थर आणि खालच्या मजल्यावरचं सगळं नजरेआड होतं. अशा ठिकाणी १५ सेंमीपासून मोजा, आणि ३० वरचा आकडा तुलनेसाठी वेगळा काढा. मर्यादा नंतर वर नेता येते, खाली आणता येत नाही.

दोरीटेप :

१५ चं मान्य, पण वेळ दुप्पट लागतो आणि चौकटी कमी पडतात. मग तडजोड अशी करा: १० × १० मध्ये ३० वरची सगळी, आणि एका कोपऱ्यातल्या ५ × ५ मध्ये १५ वरची. तो कोपरा आधीच ठरवा, उदाहरणार्थ नेहमी ईशान्य. जागेवर गेल्यावर सोपा दिसेल तो कोपरा निवडला की करवंदीची जाळी नेमकी चुकवली जाते.

वेलींचं वेगळं मांडा, झाडांच्या तक्त्यात मिसळू नका. गारंबी आणि उंबळी कड्याकाठी मोठ्या होतात, एकट्या गारंबीचा घेर तुमच्या बऱ्याच झाडांच्या वर जाईल. मुळापासून वेलीच्या कडेने १.३ मीटरवर मोजायचं. वेल जमिनीवर लोळून पुन्हा रुजली असेल तर शेवटच्या मुळापासून. उभी वाळलेली झाडं पण वेगळी लिहा, जिवंतांत नको.

हर्बेरियम_कपाट :

तिसऱ्या प्रश्नाकडे येते. पानं काळी पडली कारण ती ओली राहिली. पावसाळ्यात कड्यावर नुसत्या वर्तमानपत्रात दाबून ठेवलेला नमुना दोन दिवसांत बुरशी धरतो. दोन मार्ग आहेत.

रोज कागद बदलणं शक्य असेल तर बदला, पहिले तीन-चार दिवस रोज, मग एक दिवसाआड. ओले कागद चुलीजवळ वाळवून पुन्हा वापरता येतात, नमुना मात्र आचेवर नेऊ नका. रानात मुक्काम असेल आणि कागद वाळायची सोय नसेल तर नमुने कागदात घालून गठ्ठा बांधा, जाड पॉलिथिनच्या पिशवीत घाला आणि वरून साठ-सत्तर टक्क्यांचं स्पिरिट ओता, कागद भिजेल इतकं. तोंड घट्ट बांधा. असे नमुने काही आठवडे टिकतात, घरी आल्यावर दाबून वाळवा. रंग जातो, पानं तपकिरी होतात, म्हणून फुलाचा रंग, सालीचा रंग, चीक असेल तर त्याचा रंग आणि वास जागेवरच लिहून ठेवा. पूर्वी किड्यांपासून बचावाला मर्क्युरिक क्लोराइड लावत, ते जबर विषारी आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. आता पूर्ण वाळलेला नमुना हवाबंद पिशवीत घालून काही दिवस खोल गोठवतात.

एका झाडाचे निदान दोन नमुने घ्या आणि दोन्हींवर एकच क्षेत्र क्रमांक. नुसत्या पानांचा नमुना कपाटात जागा अडवतो. पण वृक्ष नेमका फुला-फळांवर नसेल तर नमुना घ्यायचाच नाही असंही नको, फांदीचं टोक, कोवळं पान आणि सालीचा तुकडा ठेवा. झाडाला क्रमांकाचा बिल्ला असेल तर पुढच्या हंगामात त्याच झाडाकडे परत जाता येतं. अंजनी आणि पिसा वेगवेगळ्या वेळी फुलतात. ऐनाचं झाड पावसाच्या तोंडावर फुलतं, किंजळ पावसाच्या उत्तरार्धात. म्हणून एकाच फेरीत सगळे ओळखता येणार नाहीत. झाडांसाठी डिसेंबर ते मे सोयीचे, खालच्या थरातल्या झुडपांसाठी आणि गवतांसाठी ऑगस्ट ते ऑक्टोबर.

घोळ कुठे होतो ते सांगते. पानं समोरासमोर दिसली की जांभूळ, अंजनी आणि पारजांभूळ या तिघांत गोंधळ होतो. जांभळाच्या कुळात पानाच्या कडेला समांतर एक शीर जाते आणि पान चुरडलं की वास येतो. अंजनीचं पान जाड, आतल्या शिरा जवळजवळ दिसतच नाहीत, आणि वाळलं की पिवळट-हिरवं होतं. पारजांभळाच्या पानाला कडेला दाते असतात. जांभूळ म्हणून लिहिलेल्या सगळ्यांकडे पुन्हा बघा, सह्याद्रीत जांभळाच्या सिझिजियम या प्रजातीच्या बऱ्याच जाती आहेत आणि सगळ्यांना गावात जांभूळच म्हणतात. पिशाची पानं फांदीच्या टोकाला झुबक्याने येतात, खालून पांढुरकी.

किनाऱ्याकडच्या यादीतला ऐन-किंजळ हा दुसरा घोळ. ऐनाची साल काळपट, खोल भेगांची, चौकोनी तुकड्यांची. किंजळाची भेग उथळ आणि लांबट. फळ मिळालं तर प्रश्नच नाही: ऐनाला पाच रुंद पंख जवळजवळ सारखे, किंजळाला तीन, त्यातला एक मोठा. नाण्याची साल पांढुरकी, कागदासारखी सुटते, तिथे चूक होत नाही.

रानबिब्ब्याचं मात्र सांभाळा. त्याच्या (होलिगार्नाच्या) पानाच्या देठावर दोन बारीक आकड्यांसारखे कोंब असतात, ते दिसले की फांदी हातमोजे घालूनच तोडा. चीक काळा पडतो आणि कातडीवर फोड उठतात. नमुन्याच्या कागदालाही चीक लागतो, तो कागद वेगळा ठेवा.

ओळख लागली नाही तर 'अनोळखी १' असं लिहिणं चुकीचं नाही, पण ते सगळ्या चौकटींत एकसारखं पाळा. चौकट ३ मधला 'अनोळखी १' आणि चौकट ११ मधला 'अनोळखी ४' ही एकच जात निघाली तर तुमच्या जाती फुगलेल्या असतात. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राचं कपाट (हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह) आहे, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं, शिराळ्याहून कोल्हापूर जवळ पडेल. सोबत फुललेला नमुना नेलात तर काम पटकन होतं. कुकचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश १९०१ ते १९०८ चा, त्यातली नावं आता बदललीत, पण वर्णनं अजून उपयोगी पडतात.

वाटाड्या_वारणा :

थोडं कागदपत्रांचं. डोंगर मालकीचा म्हणताय, तरी सातबारा बघा. इतर हक्कात राखीव वन किंवा खासगी वनाचा शेरा असेल तर वनखात्याची परवानगी लागेल. मालकाचं लेखी संमतिपत्र प्रबंधाला जोडा. चौकटींपैकी एकही चांदोलीच्या हद्दीत सरकली असेल तर ते राष्ट्रीय उद्यान आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अभ्यासासाठी आधी परवानगी हवी आणि नमुना तोडायचा तर त्याचा उल्लेख अर्जात पाहिजे. अर्ज करायला उशीर करू नका, उत्तर यायला महिने जातात. बिल्ले झाडांना ठोकायचे तर तेही अर्जात लिहा. ॲल्युमिनियमचा खिळा, पूर्ण न ठोकता दोनेक सेंमी बाहेर ठेवा, नाहीतर खोड वाढताना बिल्ला गिळून टाकतं.

नरक्याची झाडं तुमच्या यादीत असतील तर प्रबंधात त्यांचे जीपीएस आकडे देऊ नका. त्याच्या सालीतून कॅम्पटोथेसिन निघतं, कर्करोगावरच्या औषधासाठी त्याला मागणी आहे, आणि चोरटी तोड होत आली आहे. चौकटीचा क्रमांक आणि तालुका पुरे.

शिराळा_वनस्पती :

सगळ्यांचे आभार, सर आणि मॅडम. अंजनीच्या ओळीचा वाटा ०.३७ आहे, म्हणजे लॉग नैसर्गिक आहे. खोडांचे घेर मूळ वहीत वेगळे आहेत, ते परत टाकते. उतार मात्र फक्त दहा चौकटींत लिहिलेला आहे. उरलेल्यांचं काय करू? आणि रोपं मोजली नाहीत, ती आता मोजून या तक्त्यात घालता येतील का?

दोरीटेप :

कोपऱ्याच्या खुणा असतील तर जागेवर परत जाऊन उतार मोजा, मोबाइलमधला कोनमापक पुरतो. वर-खाली दोनदा मोजा आणि सरासरी घ्या. खुणा गेल्या असतील तर उतार न लिहिलेल्या त्या दहा चौकटींची हेक्टरी घनता देऊ नका, फक्त सापेक्ष आकडे द्या. त्या दहांना सरासरी उतार लावून भरून काढू नका. परीक्षक विचारतो, आणि विचारलंच पाहिजे.

रोपं मोजा, पण वेगळ्या तक्त्यात आणि हंगाम लिहून. ५ × ५ मध्ये १५ सेंमीखालच्या घेराची पण एक मीटरच्या वर उंचीची पोरं, आणि १ × १ च्या चार चौकटींत त्याहून लहान रोपं. पावसाळ्यानंतर लगेच मोजलीत तर नुकती उगवलेली हजारो रोपं आकड्यात येतात आणि उन्हाळ्यात त्यातली बहुतेक मरतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये मोजा, एक कोरडा हंगाम काढलेलीच तेव्हा उरतात. अंजनीखाली अंजनीचीच पोरं आहेत की पारजांभूळ आणि वुंब यांची, तेवढं तरी बघाच.

पाटण_खोरं :

आणि ५ × ५ मध्ये कारवी असेल तर तिची झुडपं न मोजता टक्क्यांत व्याप्ती लिहा. सात-आठ वर्षांनी ती एकदम फुलून मरते, त्यानंतरच्या वर्षी खालचा उजेड एकदम वाढतो आणि रोपांचा आकडाही. फुलोरा कोणत्या वर्षी आला होता ते गावातल्या गुराख्यांना नाहीतर मधवाल्यांना विचारून लिहून ठेवा.